अ‍ॅम्प नाही म्हणून गिटार खोटी होत नाही

गोव्यात वाजवणाऱ्या मुलांच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा गाभा असा: इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पशिवाय थेट पीएत (कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरांत) घालणे म्हणजे श्रोत्यांची फसवणूक, आवाज पातळ आणि किरकिरा येतो, वाजवल्यावर तो उशिरा कानावर पडतो, स्टेजवर स्वतःचेच वाजवणे ऐकू येत नाही, सूर धरून ठेवता येत नाही, आणि पेडल बंद पडले की कार्यक्रम संपला. खरा कलाकार अ‍ॅम्प घेऊनच येतो, असा शेवट. जत्रेतल्या नाटकांना, लग्नाच्या रिसेप्शनला, किनाऱ्यावरच्या शॅकवर वाजवणारी नवी मुले हे वाचून हप्त्यावर अ‍ॅम्प घ्यायच्या गोष्टी करू लागली आहेत. म्हणून हे उत्तर.

फसवणुकीचा आरोप आधी घेऊ. पणजीच्या कला अकादमीत किंवा मडगावच्या रवींद्र भवनात मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला अ‍ॅम्प ऐकू येतच नाही. अ‍ॅम्पच्या जाळीला चिकटवून एक माइक ठेवलेला असतो, बहुतेक वेळा शुअरचा एसएम ५७, आणि त्याने टिपलेले पीएतून बाहेर पडते. म्हणजे अ‍ॅम्प आणला तरी श्रोत्यापर्यंत पोचते ते एका माइकने एका कोनातून ऐकलेले. राहिले खरे कलाकार. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत १९६० च्या दशकात गिटार थेट कन्सोलमध्ये (मिक्सरमध्ये) जात असे. बीटल्सनी १९६८ साली गिटार कन्सोलमध्येच घालून, त्याचे प्रीअ‍ॅम्प मुद्दाम फाटेपर्यंत चढवून त्यांच्या सगळ्यात करकरीत आवाजांपैकी एक मिळवला. सॅन्सअ‍ॅम्प हे अ‍ॅम्पची नक्कल करणारे पेडल १९८९ पासून बाजारात आहे. ही वाट जुनी आहे आणि तिच्यावरून चाललेली माणसे मोठी आहेत.

दुसरा मुद्दा मात्र पोकळ नाही. पातळ आणि किरकिरा आवाज मीही पुष्कळ मांडवांत ऐकला आहे. तक्रार खरी आहे, कारण चुकीचे सांगितले आहे.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्याला साधारण एक मेगाओहमचा इनपुट लागतो. पेडलला आणि अ‍ॅम्पला तो असतो. मिक्सरचा लाइन इनपुट दहा-वीस हजार ओहमच्या आसपास. गिटारची केबल सरळ तिथे खोचली की पिकअपवर भार येतो, वरचे सूर मरतात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबतो. त्यावर इलाज डीआय बॉक्सचा (गिटारचा संकेत मिक्सरला मानवेल असा करणारी छोटी पेटी), किंवा तसा इनपुट असलेल्या कुठल्याही पेडलचा. शिवाय डीआयमधून संकेत बॅलन्स्ड होऊन (दोन उलट तारांवरून, वाटेतली घरघर गळेल असा) निघतो, म्हणून तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या साउंडवाल्यापर्यंत धड जातो. साध्या गिटार केबलने सहा-सात मीटरपुढे गेलात की धार बोथट होऊ लागते.

किरकिर वेगळ्या जागेवरून येते. गिटार अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने खाली येतो. डिस्टॉर्शनमधून निघणारे सगळे कर्कश हार्मोनिक तो गाळून टाकतो. पीएचा हॉर्न मात्र पंधरा-सोळा हजारांपर्यंत सगळे इमानेइतबारे वाजवतो. नुसते डिस्टॉर्शन पेडल लावून पीएत गेलात तर ते गाळणे कुणीच करत नाही. हे काम कॅब सिम्युलेशन किंवा इम्पल्स रिस्पॉन्स करतो: खऱ्या स्पीकरचा आणि माइकचा मोजून घेतलेला प्रतिसाद. आज तो छोट्या पेडलमध्येही मिळतो. तो चालू नसताना मिळालेल्या आवाजावरून ही पद्धतच बाद ठरवणे मला अन्यायाचे वाटते. एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते: घरी रात्री हेडफोनवर हळू आवाजात बनवलेला पॅच (पेडलमध्ये जतन केलेली आवाजाची मांडणी) स्टेजवर बोंबलतो. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. म्हणून हेडफोनवर आपण खर्ज वाढवतो आणि मोठ्या आवाजात तोच सगळा चिखल करतो. पॅच पीएवर, कार्यक्रमाच्या आवाजात बनवावा. शंभर हर्ट्झच्या खालचे आणि सहा हजाराच्या वरचे काढून बघा, बासवाला आणि गायिका दोघांनाही जागा मिळते.

उशिराचे म्हणणे हिशेबात टिकत नाही. चांगल्या मॉडेलरला (अ‍ॅम्पची नक्कल करणाऱ्या डिजिटल पेडलला) आत येऊन बाहेर पडायला दोन-तीन मिलिसेकंद लागतात, डिजिटल मिक्सरला आणखी एक-दोन. आवाज हवेतून एका सेकंदात साडेतीनशे मीटरच्या आसपास जातो. अ‍ॅम्प तीन मीटर मागे ठेवलात तर तिथून कानापर्यंत यायलाच जवळजवळ नऊ मिलिसेकंद जातात, आणि त्याबद्दल कधी कुणी कुरकुरले नाही.

स्टेजवर ऐकू येण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे खरा प्रश्न तिथेच आहे. बारा इंची स्पीकर वरचे सूर अरुंद झोतात फेकतो. अ‍ॅम्प जमिनीवर, पोटऱ्यांच्या मागे. वाजवणाऱ्याला वाटते आवाज बोथट आहे, म्हणून तो ट्रेबल चढवतो. झोतात बसलेल्या पहिल्या रांगेच्या कानात सुया टोचतात आणि बाजूला बसलेल्यांना गिटार सापडत नाही. स्टेजवरून येणारा हा आवाज साउंडवाल्याच्या हातात नसतो. तो फक्त बाकीच्यांना वर चढवू शकतो.

त्यात गोवा म्हणजे उघडी मैदाने, देवळांसमोरचे मांडव आणि हाकेच्या अंतरावर घरे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षाला पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट देऊ शकते. त्याआधीही सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातले जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. आता अ‍ॅम्प बघा. गिटारचे बरेच स्पीकर एका वॅटला एक मीटरवर १०० डेसिबलच्या आसपास देतात. पंधरा वॅटचा ‘छोटा’ व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पूर्ण उघडला की ११२ च्या जवळ, आणि उघड्यावर समोर बत्तीस मीटरवरही ८० च्या वर. अजून गायक, ढोलकी, कीबोर्ड सुरूच झालेले नाहीत. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची खरी गोडी तो चढल्यावरच येते, आणि तेवढा चढवायला आपल्याकडे जागा क्वचित असते. थेट पीएत गेलात तर चढलेल्या अ‍ॅम्पचा पोत हळू आवाजातही राहतो.

अट एकच, आणि ती सोडू नये: मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचे ऐकवणारा स्पीकर. समोर वेज (जमिनीवरचा तिरका मॉनिटर) नसेल, किंवा सगळ्यांना मिळून एकच मॉनिटर मिक्स असेल, तर मजकुरातली तक्रार शंभर टक्के खरी. ड्रमवाल्यालाही त्याच्या मॉनिटरमध्ये गिटार द्यावी लागते, ती त्याला आता मागून आपोआप मिळत नाही. पेडलला दोन आउटपुट असतील तर एक साउंडवाल्याला द्यावा, दुसरा स्वतःच्या छोट्या पॉवर्ड स्पीकरला किंवा इन-इअरला (कानात घालायच्या मॉनिटरला). आणि शॅकवर, जिथे खांबावर दोन स्पीकर आणि गाण्यापुरता मिक्सर एवढेच असते, तिथे मी स्वतः छोटा अ‍ॅम्प नेईन.

सूर धरून ठेवण्याचा मुद्दा अर्धा मान्य. स्पीकरची हवा तारेला हलवते आणि सूर पुन्हा फुलतो, ते नुसत्या इन-इअरवर होत नाही. पण जवळच्या वेजसमोर, पुरेसा गेन असताना, गिटार तिथेही बोलू लागते. ज्याचे सगळे वाजवणे याच फीडबॅकवर उभे आहे, त्याने खुशाल अ‍ॅम्प वापरावा.

बंद पडण्याचे म्हणाल तर व्हॉल्व्हही जातात, फ्यूजही जातात, आणि तीस किलोच्या आसपासचा ट्विन रिव्हर्बसारखा अ‍ॅम्प दुसरा कुणी सोबत नेत नाही. पिशवीत कॅब सिम असलेले एक जादा डीआय सहज मावते. जनरेटरवरच्या कार्यक्रमात घरघर आली तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारे बटण) दाबावा, आणि पेडलच्या एक्सएलआरवर (तीन पिनांच्या जोडणीवर) ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे मिक्सर माइकसाठी केबलमधून पाठवतो तो वीजपुरवठा, येत नाही ना, हे साउंडवाल्याला केबल लावण्याआधी विचारावे. घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणीही, कधीही तोडू नये. हातात तारा आणि ओठांशी माइक असताना त्या एका पिनवर जीव अवलंबून असतो.