पाणी फक्त ग्लासातूनच पोटात जातं का?

उन्हाळा लागला की एक संदेश हमखास फिरू लागतो. रोज आठ ग्लास साधं पाणी प्यायलाच हवं, जेवणातलं पाणी त्यात धरायचं नाही. चहा-कॉफी अंगातलं पाणी ओढून घेते. तहान लागली म्हणजे उशीर झालाच. लघवी पाण्यासारखी स्वच्छ होईपर्यंत पीत राहा. आणि तान्ह्या बाळालाही अधूनमधून चमच्याने पाणी पाजा. पाठवणाऱ्यांना खरोखरच आपल्या माणसांची काळजी असते, म्हणूनच हे इतकं पसरतं. पण यातले काही दावे अर्धवट आहेत आणि शेवटचे दोन तर जिवावर बेतू शकतात.

आधी आठ ग्लासांचं बघू. अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने १९४५ साली मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं सांगितलं होतं. यातलं बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळतं, हेही त्याच शिफारशीत होतं. लोकांच्या लक्षात आकडा राहिला, बाकीचं गळून पडलं. मूत्रपिंडाच्या कार्याचे अभ्यासक हाइन्झ व्हाल्टिन यांनी २००२ साली या नियमाचा शास्त्रीय आधार शोधला, तेव्हा निरोगी माणसांसाठी तो सापडला नाही. त्यानंतर २००४ साली अमेरिकेच्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने पुरुषांसाठी ३.७ आणि स्त्रियांसाठी २.७ लिटर हा अंदाज दिला. त्यात पाणी, इतर पेयं आणि जेवण असं सगळंच धरलेलं आहे. जेवणाचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. म्हणजे बाईच्या पोटात अर्धा लिटरहून जास्त पाणी ताटातूनच जातं, आणि फळं-भाज्या भरपूर असतील तर आणखी जास्त.

खात्री करायची असेल तर काकडीच्या चकत्यांना मीठ लावून वाडगा दहा मिनिटं तसाच ठेवा. आधी चकत्यांवर बारीक थेंब धरतात, मग वाडग्याच्या तळाशी पाणी साचतं. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणीच असतं. टोमॅटो तिच्या जवळपास, कलिंगड ९१-९२ टक्के, संत्रं आणि दही साधारण ८५ ते ८८. कलिंगडाच्या तीनशे ग्रॅम फोडी खाल्ल्या की एका मोठ्या ग्लासाएवढं पाणी मिळालं. जे पदार्थ कोरडे वाटतात तेही बघा: शंभर ग्रॅम तांदळाचा भात जवळजवळ तीनशे ग्रॅम भरतो, आणि वाढलेलं सगळं वजन पाण्याचं असतं. चिप्समध्ये मात्र जेमतेम दोन टक्के.

शिवाय अन्नातलं पाणी एकटं येत नाही. त्याच्यासोबत मीठ, पोटॅशियम, साखर येते. आतड्यात मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज एकत्र शोषले जातात तेव्हा पाणीही त्यांच्या मागोमाग आत ओढलं जातं. जलसंजीवनीचं सगळं काम याच तत्त्वावर चालतं. म्हणून मला या संदेशातली सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे तो ताटाकडे बघूच देत नाही. उकाड्यात भूक मंदावते, माणसं जेवण टाळतात आणि नुसतं पाणी पीत राहतात. त्यांचं अन्नातलं पाणीही जातं आणि घामावाटे गेलेलं मीठही भरून निघत नाही.

चहा-कॉफीचं उत्तर सोपं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात लोकांना वेगवेगळी पेयं लिटरभर पाजून नंतरची लघवी मोजली. चहा आणि कॉफी साध्या पाण्याच्या बरोबरीने अंगात टिकली, दूध तर पाण्यापेक्षा जास्त टिकलं. नेहमीच्या प्रमाणातला चहा हिशेबात धरायला हरकत नाही. दारू मात्र धरू नका.

तहानेचा दावा निरोगी, सावलीत काम करणाऱ्या माणसाला लागू नाही. रक्त एक-दोन टक्क्यांनी दाट झालं की मेंदू तहान जाणवून देतो. तो इशारा वेळेवरच असतो. वयस्कर माणसांची तहान मात्र मंदावलेली असते. त्यांना विचारत बसू नका, समोर फळाच्या फोडी किंवा सूप ठेवा. उन्हात अंगमेहनत करणाऱ्यांनीही तहानेची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी कपभर पाणी प्यावं, पण तासाला दीड लिटरच्या आत.

ही वरची मर्यादा संदेशात कुठेच नसते. लघवी फिकट पिवळी असली की पुरे, ती रंगहीन करायची गरज नाही. लिटरभर घामातून साधारण एक ग्रॅम सोडियम जातं. ते भरून न काढता पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम खाली येतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं ऊन लागल्यासारखीच दिसतात, म्हणून आजूबाजूचे त्या माणसाला आणखी पाणी पाजतात. असा कुणी बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली तर पाजापाजी थांबवा. अंग तापलेलं असेल तर गार करत ताबडतोब रुग्णालय गाठा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाणी आणि मीठ दोन्ही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच घ्यावं.

आता बाळाचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कडक उन्हाळ्यातही वरचं पाणी देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणी असतं. चमच्याने पाणी पाजलं की इवलंसं पोट त्यानेच भरतं, दूध कमी जातं, पाणी अशुद्ध असेल तर जुलाब लागतात. उकाड्यात बाळाला जास्त वेळा अंगावर घ्या. पाच-सहा दिवसांच्या पुढचं बाळ दिवसाला सहा किंवा त्याहून जास्त वेळा लंगोट ओला करत असेल, तर त्याला पाणी पुरतंय. तो संदेश पुढे पाठवायचाच असेल, तर निदान बाळाची ही ओळ काढून पाठवा.