टॉवर गच्चीवर नको, फोन उशीखाली चालेल

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. विषय एकच, गच्चीवर मोबाइल टॉवर बसवू द्यायचा की नाही. भाडं बरं मिळणार होतं, लिफ्टचं रखडलेलं काम मार्गी लागलं असतं. पण पाचव्या मिनिटाला कुणीतरी ‘रेडिएशन’ म्हणालं आणि विषय तिथेच आटोपला. तिसऱ्या मजल्यावरचे काका तावातावाने म्हणाले, "आमच्या नातवंडांच्या डोक्यावर हे असलं काही नको!" त्यांचा नातू तेव्हा शेजारच्या खुर्चीत मोबाइलमध्ये नाक खुपसून बसला होता. डोळ्यांपासून स्क्रीन जेमतेम वीतभर.

मी चौदा वर्षं मोबाइल नेटवर्कच्या कामात आहे. गाडीत चार फोन आणि लॅपटॉप घेऊन गल्लीबोळांत सिग्नल मोजत फिरायचं, ही माझी पहिली नोकरी. म्हणून बोलायला उभा राहिलो. "तू कंपनीचाच माणूस, तू असंच बोलणार," असं ऐकून खाली बसलो. आता इथे लिहितो. इथे फार तर ब्लॉक कराल.

टॉवरच्या अँटेनातून निघणाऱ्या रेडिओ लहरींचा, म्हणजे या ‘रेडिएशन’चा, झोत समोर, लांबवर जातो, जरासा खाली झुकलेला. बरोबर खालच्या घरांत त्यातलं फारच थोडं येतं. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. शिवाय आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरला आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढीच मुभा आहे.

खरी गंमत फोनची आहे. फोन आमच्या आजोबांसारखा. समोरच्याला ऐकू जात नाहीये असं वाटलं की आवाज चढवतो. टॉवर जवळ असेल तर तो कुजबुजतो, एक मिलीवॉट, म्हणजे वॉटचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. टॉवर लांब असला, मधे भिंती आल्या, की ४जी फोन २०० मिलीवॉटपर्यंत जोर लावतो. आणि तोही थेट कानाशी. काकांच्या घरात सिग्नलची एकच काडी येते. म्हणजे टॉवर हाकलून त्यांनी स्वतःच्या डोक्याजवळच्या लहरी वाढवून घेतल्या. अर्थात २०० मिलीवॉटनेही काही होत नाही, ती मर्यादेच्या आतलीच गोष्ट. पण भ्यायचंच असेल तर निदान हिशेब तरी बरोबर हवा.

कॅन्सरचं म्हणाल, तर २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरी ‘२बी’ गटात टाकल्या, म्हणजे ‘शक्यता पुरती नाकारता येत नाही’. बातम्यांत तेवढंच आलं. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, हे कुणी सांगितलं नाही. आमच्या इमारतीत निम्मे लोक रोज सकाळी कोरफडीचा रस घेतात! पुढे २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा आला. १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास तपासले. दहा-दहा वर्षं फोन वापरणाऱ्यांतही मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही. ही बातमी मात्र आमच्या ग्रुपवर आजतागायत आलेली नाही.

ग्रुपवर येतं ते वेगळंच. चार फोन एकमेकांकडे तोंड करून ठेवले की मधल्या मक्याच्या लाह्या होतात, तो २००८ चा व्हिडिओ अजून फिरतो. ती ब्लूटूथ हेडसेट विकणाऱ्या एका कंपनीची जाहिरात होती. २०२० मध्ये तर गाईंसाठी नेमलेल्या सरकारी राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिप दाखवली, फोनला लावली की रेडिएशन कमी. अहो, एखाद्या चिपने लहरी खरोखरच अडवल्या, तर फोन आणखी जोर लावेल. आजोबा आठवा.

माझा सगळ्यात आवडता मेसेज, ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन अंतराळातून घातक किरण येणार, फोन अंगापासून लांब ठेवा.’ आईने तो मला पाठवला तेव्हा रात्रीचे पाऊण वाजले होते. पांघरुणातून पाठवला होता.

आता माझं सांगतो. गेल्या पावसाळ्यात उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. बायकोला वाटलं, एवढी वर्षं टॉवरखाली फिरला त्याचंच हे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला फोन देऊन सांगितलं, "नेहमी बघता तसं बघा." मी बघू लागलो आणि त्यांनी बाजूने फोटो काढला. फोटोत कासव होतं. मान पुढे, पाठीला पोक, हनुवटी छातीला टेकायच्या बेतात. सरळ असताना साडेचार-पाच किलोचं डोकं साठ अंशांत झुकलं की मानेवर सत्तावीस किलोएवढा भार येतो, असं एका सर्जनने गणित मांडलंय. गणितच आहे ते, घासाघीस करा हवी तर. माझी मान मात्र घासाघीस करत नव्हती, हाताच्या मुंग्या तिथूनच येत होत्या.

स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या ‘ब्लू कट’ चष्म्याचे जादा पैसेही मी मोजून आलोय. डोळ्यांचा शीण त्याने कमी होतो असं या चष्म्यांवरचे अभ्यास तपासणाऱ्या २०२३ च्या एका आढाव्यात दिसलं नाही. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्याच कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात. त्याला चष्मा काय करणार? आणि हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलत जाणारे तर रोज दिसतात. २०२१ मध्ये गाडी चालवताना फोन वापरल्यामुळे देशात १,०४० माणसं गेली. सरकारी आकडा आहे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने रेडिएशनचं नावही काढलं नाही. २०२२ च्या १५ ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. मी ही कल्पना सभेत मांडावी म्हणतो, पण आमच्याकडे भोंग्यालाही एनओसी लागेल.

टॉवरचा ठराव नामंजूर झाला. लिफ्ट बंदच आहे. काल संध्याकाळी काका दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खिडकीला खेटून उभे होते, फोन कानाला घट्ट दाबून. "इथे जरा रेंज येते रे," म्हणाले.