हात धुतल्याने मुलं नाजूक होत नाहीत

गेल्या पंधरवड्यात आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटात एकच मजकूर तीनदा आला: "आम्ही मातीत लोळलो, शर्टाच्या बाहीला नाक पुसलं, साबण कुणी पाहिला होता? तरी ठणठणीत राहिलो. सतत हात धुऊन आताच्या मुलांची प्रतिकारशक्ती गेली. शास्त्रज्ञही हेच सांगतात. साबण चांगले जंतूही मारतो. खोकताना तोंडावर हात धरला की पुरे." मी पहिली-दुसरीला शिकवते. हा मजकूर वाचून एका आईने मुलाच्या दप्तरातला साबण काढून टाकला, म्हणून हे लिहिते आहे.

"आम्ही ठणठणीत राहिलो." जे राहिले तेच आज हे सांगायला आहेत. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ होता. लसी, मीठ-साखर-पाणी, दवाखान्यातली बाळंतपणं अशी त्याची बरीच कारणं आहेत, सगळं श्रेय साबणाचं नाही. पण त्या काळाला निरोगी म्हणताना आपापल्या आजीला एकदा विचारा, तिची किती मुलं जगली. आणि तेव्हा हात धुतच नसत, हेही खरं नाही. बाहेरून आलं की आधी पायावर पाणी घ्या, मग घरात या. हातपाय न धुता बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही. हे आम्हाला कुठल्या पुस्तकाने नाही, घरच्या म्हाताऱ्यांनीच शिकवलं.

"शास्त्रज्ञही हेच सांगतात." याचं मूळ १९८९ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात आहे. डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ च्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या सतरा हजारांवर मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांची ॲलर्जी कमी, असं त्यांना दिसलं. कुटुंबं लहान होत गेली आणि स्वच्छता वाढली, म्हणून मुलांना एकमेकांकडून होणारे संसर्ग कमी झाले आणि ही ॲलर्जी वाढली असावी, हा त्यांचा अंदाज. कोण किती वेळा हात धुतं, हे त्यात मोजलेलं नव्हतं. पुढच्या संशोधकांचा भर माती, गुरंढोरं, भावंडं यांच्याकडून मिळणाऱ्या निरुपद्रवी जंतूंवर राहिला. मुलांना मातीत जरूर खेळू द्या, मीही खेळवते. पण शौचाहून आलेल्या हाताने खिचडी खाल्ली तर पोटात माती नाही, विष्ठा जाते. त्यातून हगवण होते, कावीळ होते, जंत होतात. त्याने मूल बळकट होत नाही, खंगतं.

आता उलट बाजूचा पुरावा पाहा. कराचीच्या झोपडवस्त्यांत काही कुटुंबांना साबण दिला आणि हात धुण्याची सवय लावली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथल्या पंधरा वर्षांखालच्या मुलांत जुलाब निम्म्याहून कमी झाले. पाच वर्षांखालच्या मुलांत न्यूमोनियाही निम्म्यावर आला. हात धुतल्याने छातीचा आजार कमी होतो, हे मलाही आधी नवल वाटलं होतं. शेंबूड आणि थुंकी हातावर येते, तोच हात डोळ्याला, नाकाला लागतो, हा त्यातला दुवा.

"साबण चांगले जंतूही मारतो." कातडीत मुरलेले नेहमीचे जंतू धुण्याने संपत नाहीत. साबण मुख्यतः वरचा चिकट मळ सोडवतो आणि पाण्याबरोबर बाहेरून आलेले जंतू वाहून जातात. जंतुनाशक साबणही लागत नाही. कराचीत साधा साबण तितकाच उपयोगी ठरला.

"तोंडावर हात धरला की पुरे." हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो सभ्य दिसतो. हातावर खोकलेलं मूल पुढच्या क्षणी दाराची कडी धरतं, शेजारच्याची पेन्सिल घेतं, डब्यातली पोळी तोडून मैत्रिणीला देतं. म्हणून रुमाल, नाहीतर कोपराचा बाक. रुमाल रोज धुतलेला हवा. क्षयरोगाचे जंतू तर हवेत तरंगत राहतात. घरात कुणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल तर खिडक्या उघडा, तोंडाला मास्क किंवा रुमाल बांधा आणि थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

त्या आईशी मी बोलले. साबण हरवतो, ही तिची खरी अडचण निघाली. आता आम्ही नळाजवळ बाटलीत साबणाचं पाणी भरून ठेवतो, झाकणाला भोक पाडलेलं. जेवणाच्या सुट्टीत मुलं रांगेने बाटली दाबतात आणि वीसपर्यंत अंक मोजत हात चोळतात.