हात आखडता घेऊ नका!

अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या विधिमंडळात निवडून जावं असं तुमच्या मनात आहे, आणि साल आहे 1777 ते 1812 च्या दरम्यानचं. अभिनंदन! राजा गेला, प्रजेचं राज्य आलं, राज्यघटनांची शाई अजून ओली आहे. प्रश्न एवढाच उरतो की प्रजेने नेमकं तुम्हालाच का निवडून द्यावं. त्यासाठी डोकं शिणवू नका. देशातल्या थोरामोठ्यांनी हे सगळं आधीच करून पाहिलंय.

सगळ्यात आधी, तत्त्वं घरी ठेवून या. जेम्स मॅडिसनने ती बरोबर आणली होती. 1776 मध्ये व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यातलं धर्मस्वातंत्र्याचं कलम सुधारून घेणारा हा पंचविशीतला हुशार तरुण. दुसऱ्या वर्षी ऑरेंज काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) पुन्हा उभा राहिला आणि ठरवून बसला की मतदारांना दारू पाजणं प्रजासत्ताकाच्या शुचितेला शोभत नाही. समोर चार्ल्स पोर्टर, धंद्याने गुत्तेवाला. पुढचं सांगायला नको. मॅडिसनने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की लोकांना त्याच्या वागण्यात शुचिता दिसलीच नाही. कुणाला तो गर्विष्ठ वाटला, कुणाला चिक्कू. त्याच्या बाजूच्या लोकांनी निकालाविरुद्ध अर्ज केला, त्यातून काही निघालं नाही. निघणार तरी काय? उमेदवाराने मतदारांना खाऊपिऊ घालायला व्हर्जिनियात कायद्याने बंदी होती, आणि एकदा कायद्याने बंदी घातली म्हटल्यावर तसलं काही होणं शक्यच नव्हतं!

त्याने जॉर्ज वॉशिंग्टनकडे शिकवणी लावायला हवी होती. इंग्रजांच्या अमदानीत, 1755 साली, फ्रेडरिक काउंटीत वॉशिंग्टनला 40 मतं पडली आणि तो सपशेल आपटला. 1758 मध्ये तोच माणूस तीनशेच्या वर मतं घेऊन निवडून आला, तेही मतदानाला हजर नसताना. तो तिकडे फौजेत होता. इकडे त्याच्या माणसांनी 28 गॅलन रम, 50 गॅलन रम पंच, 34 गॅलन वाइन, 46 गॅलन बिअर आणि 2 गॅलन सफरचंदाची सायडर, असा एकूण 160 गॅलन लोकशिक्षणाचा कार्यक्रम राबवला. मतदार 391. म्हणजे माणशी दीड लिटरहून थोडं जास्तच. त्यावर वॉशिंग्टनचं पत्र आलं. खर्च फार झाला म्हणून कुरकुर असेल असं वाटतं ना? छे! त्याला धास्ती एकच, की आपल्या माणसांनी हात आखडता तर घेतला नाही? आणि विरोधात मत देणाऱ्यांनाही तेवढीच पाजली असेल, अशी आशाही त्याने व्यक्त केली. याला म्हणतात राष्ट्रपित्याचं मन.

आता प्रत्यक्ष मतदान. व्हर्जिनियात गुप्त मतदानाची भानगड नाही, त्यामुळे नेसूचं विकून पाजलेला मतदार नंतर फिरला का, ही रुखरुख तुम्हाला राहत नाही. कोर्टात टेबल मांडलेलं असतं. शेरीफ बसलेला, बाजूला कारकून, आणि तिथेच खुद्द उमेदवार. मतदार पुढे येतो. शेरीफ विचारतो, मत कुणाला? तो सगळ्या गावादेखत नाव सांगतो. ज्याचं नाव घेतलं तो उमेदवार उठतो, लवून आभार मानतो, कारकून वहीत नोंद करतो. पुढचा या! दिवसभर हेच, तेव्हा कंबरेला सवय असू द्या. मतदार म्हणजे गोरा पुरुष, घरासह 25 एकर किंवा पडीक 50 एकर जमिनीचा मालक; बाकीच्या प्रजेला प्रजेच्या राज्यात मत नाही. या मालकावर कुणाचं कर्ज असेल आणि तो सावकार दोन हातांवर उभा असेल, तर सदसद्विवेकाचा आवाज किती खणखणीत निघतो ते ऐकण्यासारखं असतं.

न्यूयॉर्क शहरात असा पिंपांचा हिशोब पुरत नाही. तिथे रिपब्लिकन पक्षाचा पुढारी आरन बर याच्यासारखं काम हवं. 1798 च्या पिवळ्या तापानंतर शहराला शुद्ध पाण्याची निकड होती. बरने 1799 मध्ये विधिमंडळाकडून पाणीपुरवठ्याच्या कंपनीची सनद मिळवली आणि तिच्यात एक निरुपद्रवी वाक्य सरकवलं: उरलेलं भांडवल कंपनीने हवं तसं वापरावं. सप्टेंबरात बँक उघडली. पाणी लाकडी नळांतून येत राहिलं, जमेल तसं. सनदेतल्या या डावावर मतदार मात्र त्याआधीच चिडले होते, आणि त्याच वर्षीच्या वसंतातल्या निवडणुकीत बर आपटला होता. पण विधिमंडळाचं महत्त्व त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्याचे 12 निर्वाचक तेव्हा विधिमंडळच ठरवायचं. एप्रिल 1800 मध्ये विरोधी फेडरलिस्ट पक्षाचा नेता अलेक्झांडर हॅमिल्टन याने विधिमंडळासाठी आपल्या बाजूच्या उमेदवारांची यादी काढली, सगळी फारशी कुणाला माहीत नसलेली मंडळी. ती बाहेर पडेपर्यंत बर गप्प. मग त्याने आपली यादी काढली: अठरा वर्षं गव्हर्नर राहिलेला जॉर्ज क्लिंटन, साराटोगाच्या लढाईचा सेनापती होरेशिओ गेट्स. एकेका मतदाराची टिपणं तयार होती: कुणाची वर्गणी घ्यायची, कुणाला कामाला जुंपायचं, आणि आळशी पण गबर असामी असेल तर काम माफ, वर्गणी दुप्पट. तीन दिवसांच्या मतदानात त्याची यादी निवडून आली. स्वतः बर मात्र शहरातून उभाच नव्हता, तो न्यूयॉर्क राज्यातल्याच ऑरेंज काउंटीतून आला. (ऑरेंज नावाचा मतदारसंघ कुणाला पावेल सांगता येत नाही.)

हरलेल्या हॅमिल्टनने 7 मे रोजी गव्हर्नर जॉन जेला पत्र धाडलं: जुनं विधिमंडळ अजून मुदतीत आहे, तेच बोलवा आणि नियम बदलून टाका. जेने त्यावर शेरा मारला की पक्षाच्या फायद्यासाठीचा हा प्रस्ताव आपल्याला शोभणारा नाही. पत्र बाजूला ठेवून दिलं. असल्या गव्हर्नरांपासून सावध राहा.

मॅसॅच्युसेट्सचा एल्ब्रिज गेरी त्या मानाने सोयीचा. विधेयक मनाला पटत नव्हतं म्हणे, पण फेब्रुवारी 1812 मध्ये सही केली. राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ असे कातरले की एसेक्स काउंटीतला एक तर खालून वर वळसा घेत गेला. बॉस्टनच्या एका पत्राने त्याला पंख, नखं काढून छापलं आणि राक्षसी सरड्याला गव्हर्नरचं नाव दिलं. हसू द्या लोकांना. आकडे बघा: विरोधी फेडरलिस्टांना 51,766 मतं आणि 11 जागा, गेरीच्या रिपब्लिकनांना 50,164 मतं आणि 29 जागा. गेरी स्वतः गव्हर्नरपद हरला, कारण त्या निवडणुकीत अख्खं राज्य एकच मतदारसंघ. कातरायला जागाच नाही. त्याच वर्षी तो देशाचा उपाध्यक्ष म्हणून निवडून आला. अध्यक्ष कोण? जेम्स मॅडिसन. त्याचा आधीचा उपाध्यक्ष कोण? बरच्या यादीतला क्लिंटन. रमला शिवायचं नाही म्हणणारा माणूस पस्तीस वर्षांत पुष्कळच शिकला.

नकाशाचा दोष असा की पुढच्या खेपेला कात्री दुसऱ्याच्या हाती जाते. फेडरलिस्टांनी तो लगेच रद्द केला. कायमचा बंदोबस्त न्यू जर्सीत मिळेल. तिथल्या 1776 च्या घटनेने चुकून म्हणा, 50 पौंडांची मालमत्ता असलेल्या सगळ्याच रहिवाशांना मत दिलं. त्यात अविवाहित स्त्रिया आल्या, विधवा आल्या, स्वतंत्र कृष्णवर्णीयही आले. 1797 मध्ये एलिझाबेथटाउनच्या स्त्रियांनी विधिमंडळाला उभ्या असलेल्या जॉन कॉन्डिक्टच्या विरोधात मतं टाकली आणि तो कसाबसा निवडून आला. 1807 मध्ये एसेक्स काउंटीत (हो, इथेही एसेक्स) कोर्टाची इमारत नेवार्कला की एलिझाबेथटाउनला, यावर मतदान झालं. त्यात इतका गोंधळ झाला की पुरुष आणि पोरं बायकांचे कपडे घालून पुन्हा पुन्हा मत देऊन गेल्याच्या तक्रारी आल्या. ते मतदान रद्द झालं. मग या पुरुषांचं काय करायचं? विधिमंडळाने सखोल विचार करून बायकांचं मत काढून घेतलं, आणि जाता जाता कृष्णवर्णीयांचंही. त्या कायद्यासाठी पुढे सरसावले होते कॉन्डिक्टसाहेब.

तेव्हा कुणी आपल्या विरोधात मत दिलं, त्यांची नावं टिपून ठेवा. दहा वर्षं म्हणजे काही फार नाहीत.