वूस्टर सॉस म्हणे आपली चटणी!

गेल्या महिन्यात मावशीकडं गेलो, तर ओट्यावर केशरी लेबलाची एक उंच बाटली आणि कढईत फ्लॉवरचं मंचुरियन. मावशी माळकरी. तिच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बाटली लंडनहून आलेल्या नातीनं आणलेली. मी विचारलं, "मावशी, हे काय घातलंस?" तर म्हणाली, "अरे, वूस्टर सॉस. नाव इंग्रजी, पण आहे आपली चिंच-गुळाचीच चटणी. तुमच्याच ग्रुपवर नाही का आलं होतं?"

आलं होतं खरं. हा मजकूर बरेच दिवस फिरतोय. शब्द कमीजास्त होतात, सांगाडा तोच. बंगालचा गव्हर्नर लॉर्ड सँडिस १८३५ च्या सुमारास एका भारतीय चटणीची कृती घेऊन इंग्लंडला परतला. वूस्टर शहरातल्या ली आणि पेरिन्स या दोन औषधवाल्यांकडून त्यानं ती करून घेतली. चव इतकी घाण लागली की पिंप तळघरात ढकलून दिलं. काही वर्षांनी उघडून बघतात तर अमृत! मग इंग्रजांनी भारताचं नाव पुसलं आणि आपल्या वूस्टरशर काउंटीचं चिकटवलं. शेवटी तिरंगा, जोडलेले हात आणि एक टोमणा: यॉर्कशर, हॅम्पशर, स्टिल्टन, जिथं जन्म तिथलंच नाव देणारे इंग्रज आपलं नाव तेवढं विसरतात.

मावशीची बाटली फिरवून मी मागची बारीक अक्षरं वाचली. व्हिनेगर, मोलॅसिस म्हणजे उसाची काकवी, साखर, मीठ आणि मग अँकोव्ही. चिंचेचा अर्क त्याच्याही नंतर. अँकोव्ही म्हणजे मासा. आपली मांदेली त्याच कुळातली. माळकऱ्याच्या कढईत मांदेलीची चुलतबहीण पोचली होती, तीही देशाभिमानाच्या वाटेनं. म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर असल्या फॉरवर्डना उत्तर देत बसणारा मी नव्हे.

"बंगालचा गव्हर्नर लॉर्ड सँडिस"

असा गव्हर्नर झालाच नाही. बंगालच्या कारभाऱ्यांची यादी काही गुप्त नाही, शाळेच्या पुस्तकातही सापडते: वॉरन हेस्टिंग्ज, कॉर्नवॉलिस, वेलस्ली, मिंटो, अ‍ॅमहर्स्ट, मग १८२८ ते १८३५ बेंटिंक, त्याच्यामागं हंगामी मेटकाफ आणि १८३६ पासून ऑकलंड. सँडिस कुठंच नाही. सँडिस घराणं मात्र खरं. वूस्टरजवळच्या ऑम्बर्सलीचं. (लिहितात सँडिस, म्हणतात सँड्झ. इंग्रजी गावं आणि घराणी यांची ही जुनीच खोड, 'वूस्टर'चं स्पेलिंग बघा, Worcester.) आणि गंमत अशी की १८३६ पर्यंत त्या घराण्याची पदवी एका बाईकडं होती, मेरी हिल यांच्याकडं. त्या वारल्यावर ती मुलाकडं, आर्थर हिलकडं गेली. हा लष्करातला माणूस, वॉटर्लूच्या लढाईत वेलिंग्टनच्या हाताखाली होता. म्हणजे १८३५ साली 'लॉर्ड सँडिस' नावाचा कोणी लॉर्डच हयात नव्हता, बंगालचं तर सोडाच.

१९९७ मध्ये ली-पेरिन्स कंपनीचा इतिहास पुस्तकरूपानं आला, तेव्हा त्यातही ही गव्हर्नरची गोष्ट निकालात काढली गेली. या गोष्टीच्या एका जुन्या रूपात तर लॉर्ड नाहीच, लेडी सँडिस आहे, आणि तिला सॉस नको असतो, चांगली करी पावडर हवी असते. गोष्ट सांगणाऱ्यांचंच आपसात जमत नाही.

मग ही गोष्ट आली कुठून? दुकानातून. बाटलीच्या जुन्या लेबलावर छापलेलं असे की ही कृती 'काउंटीतल्या एका सरदाराकडून' मिळालेली आहे. सरदाराचं नाव नाही. दुकानदारीचा हा साधा हिशेब. आपल्याकडं मसाल्याच्या पुडीवर 'राजघराण्याची खास कृती' छापतात, त्यातलाच प्रकार. आपण आज जे अभिमानानं पुढं ढकलतोय ती मुळात इंग्रज दुकानदाराची जाहिरात आहे.

"पिंप विसरलं आणि चमत्कार झाला"

ही गोष्ट खोटी आहे असं छातीठोक म्हणण्याची गरज नाही, पण तिच्यात चमत्कार काही नाही. मीठ आणि व्हिनेगरात मुरत ठेवलेला मासा महिनोन्महिने हळूहळू विरघळतो, त्यातली प्रथिनं फुटतात आणि ती खोल, जिभेवर रेंगाळणारी चव तयार होते. कच्च्या कांदा-लसणाचा उग्रपणाही मुरता मुरता मवाळ होतो. घातल्या दिवशी लिंबाचं लोणचं कोण खातं? सहा महिन्यांनी मात्र त्याच बरणीवरून भांडणं होतात. जॉन ली आणि विल्यम पेरिन्स यांनी १८३७ च्या सुमारास हा सॉस विकायला काढला. मुरवण्याची रीत आजही आहे.

"चिंच आहे म्हणजे कृती आपली"

हा मुद्दा पहिल्यांदा वाचताना मलाही पटला होता. चिंच इंग्लंडात उगवत नाही, हे कबूल. पण एका जिन्नसावरून कृतीचं गोत्र ठरवायचं तर मिरचीमुळं आपला तांबडा रस्सा मेक्सिकोचा ठरेल.

या सॉसची ओळख चिंच नाही, आंबवलेला मासा आणि व्हिनेगर आहे. आणि त्याची वंशावळ इंग्लंडच्याच स्वयंपाकघरात, तीही ली-पेरिन्सच्या कितीतरी आधी सापडते. हॅना ग्लास या बाईंचं १७४७ मधलं पाककृतींचं पुस्तक घ्या. त्यात जहाजाच्या कप्तानांसाठी एक कृती आहे: वीस वर्षं टिकणारं 'कॅचप'. साहित्य? जुनी कडक बिअर, अँकोव्ही, छोटे कांदे, जायपत्री, लवंग, मिरे, आलं आणि अळंबी. टोमॅटोचा पत्ता नाही. ही कृती वूस्टर सॉसच्या नव्वद वर्षं आधीची. त्या काळात इंग्लंडात अँकोव्ही आणि व्हिनेगराचे असे सॉस बाटलीबंद विकलेही जात. वूस्टरच्या दोन औषधवाल्यांनी त्या रांगेत आपली एक बाटली ठेवली, इतकंच.

पण 'कॅचप' हा शब्द तरी इंग्रजांचा कुठं आहे? तो दक्षिण चीनच्या होक्किएन बोलीतल्या माशाच्या खारट रसाच्या नावावरून, आग्नेय आशियातल्या व्यापारी बंदरांतून इंग्रजीत आला असं मानतात. म्हणजे पूर्वेचं ऋण आहेच. फक्त ते हुगळीच्या काठी फेडायचं नाही, आणखी पुढं जायला हवं. बंगालच्या पूर्व भागात शिदल नावाचा आंबवलेला मासा खातात, पण त्यात ना व्हिनेगर ना काकवी. आपल्या किनाऱ्यावर मासा खारवतात, सुकवतात. व्हिनेगरातला मासळीचा प्रकार हवा तर गोव्यात जावं लागतं, बलचावाकडं, आणि त्यातलं व्हिनेगर पोर्तुगिजांच्या हातचं. 'मूळ चटणी' म्हणून फॉरवर्डमध्ये जी आहे ती नक्की कुठल्या घरात होत होती, हे त्या मजकुरात कधीच नसतं. नाव नाही, गाव नाही, कृती नाही.

"आपलं नाव पुसून काउंटीचं चिकटवलं"

इथं फॉरवर्ड सपशेल उलटं बोलतंय. त्या काळात हिंदुस्थानचं नाव लपवायची गोष्ट नव्हती, ते लावलं की माल खपत असे. म्हणून तर कल्पित गव्हर्नर आणावा लागला! कोळिक्कोडच्या कापडाला त्यांनी कॅलिको म्हटलं, काश्मिरी लोकरीला कॅशमीर, घोडेस्वारीच्या विजारीला जोधपूर. मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्याभरड्या कापडावरून डंगरी हा शब्द आला, आणि तो आज जगभरची पोरं अंगावर घालतात. तिकडं ब्राझीलमध्ये मांसासाठी पाळतात त्या गुरांतली बहुसंख्य नेलोर जातीची आहेत. नाव आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्याचं, मूळ बैल आपले, ओंगोल जातीचे. एवढी नावं ठेवली आणि एका सॉसचंच नाव पुसायला बसले?

काउंटीचं नाव लागलं ते सॉस तिथं तयार होतो म्हणून. वूस्टरशरला समुद्र नाही, चिंच नाही, ऊस नाही. तिच्या मानचिन्हावर काळी पेअर आहेत, आणि तेवढं एक फळ बाटलीत नाही. शिवाय या नावावर कंपनीचीही मालकी टिकली नाही. १८७६ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयानं ठरवलं की 'वूस्टरशर सॉस' हे नाव कोणीही वापरू शकतो. त्यामुळंच आज जपानात भाज्या-फळांपासून 'उस्ता सोस' होतो आणि आपल्याकडं हिरव्या ठिपक्याची, बिनमाशाची बाटलीही मिळते. मावशीला ती हवी होती.

"जिथं जन्म तिथलंच नाव"

हा टोमणा तर इंग्लंडच्या नकाशावरच टिकत नाही. स्टिल्टन चीज घ्या. ते केवळ डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीन काउंट्यांत करता येतं, कायदाच तसा आहे. आणि स्टिल्टन गाव या तिन्हींत नाही! लंडनहून उत्तरेकडं जाणाऱ्या घोडागाड्या त्या गावच्या खानावळीत थांबायच्या, चीज तिथं विकलं जायचं, म्हणून ते नाव. उद्या त्या गावात कुणी तेच चीज केलं तर त्याला स्टिल्टन म्हणता येणार नाही. हॅम्पशर डुक्कर ही जात घडली अमेरिकेतल्या केंटकीत. आणि मावशीनं ज्यात सॉस ओतला त्या मंचुरियनचं काय? नाव चीनच्या उत्तरेकडच्या मुलुखाचं, जन्म मुंबईतला. त्याचं श्रेय नेल्सन वाँग यांना दिलं जातं, १९७० च्या दशकातलं.

आता फॉरवर्ड करणाऱ्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो, कारण ती त्यांना ठाऊक नाही याचंच मला वाईट वाटतं. भारताचं नाव जाऊन इंग्लंडच्या एका खेडवळ काउंटीचं नाव बसलं, असं एकदा खरोखर घडलेलं आहे. बाटलीत नाही, खुराड्यात.

एकोणिसाव्या शतकात कॉर्नवॉल काउंटीत आपल्या असील कोंबड्यांचा, झुंजीच्या त्या उंच, आखूड पिसांच्या, कडव्या पक्ष्यांचा, इंग्लिश झुंजीच्या कोंबड्यांशी संकर करून एक जात काढली गेली. झुंजीत ती काही चमकली नाही. आखूड पाय, बसकट बांधा. पण छाती अशी रुंद की खाटकानं बघत राहावं. इंग्लंडात तिला 'इंडियन गेम' म्हणतात, आजही. नाव बदललं ते अमेरिकेनं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तिथं ती 'कॉर्निश' झाली. पुढं या कॉर्निश नराची प्लायमाउथ रॉक जातीच्या पांढऱ्या मादीशी जोडी लावून ब्रॉयलर तयार झाला, आणि तोच जगभर पसरला. आपल्या कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानात जाळीआड बसलेल्या पांढऱ्या कोंबडीच्या रुंद छातीत असीलचा अंश आहे, आणि जातीच्या नावात कॉर्नवॉल. नाव गेलं, तेही इंग्रजांच्या हातून नाही. यावर तिरंगा लावून एक मजकूर लिहायला हरकत नव्हती. कुणाला सुचला नाही.

हे सगळं मी मावशीला सांगायला लागलो, तर ती मांदेलीच्या पुढं ऐकायलाच तयार नव्हती. कढई शेजारच्या घरी गेली. बाटली तिनं दोन बोटांनी उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत घातली आणि माझ्या हातात दिली. "तू खातोस ना? ने मग. आणि ग्रुपवर सांग सगळ्यांना, तुझ्या नावानं सांग, माझं नको."