तासगावची द्राक्षं आणि वाईनचा मेसेज

गल्लीच्या ग्रुपवर, पाहुण्यांच्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय: 'वाईन दारू नव्हे, द्राक्षाचा रस आहे. फ्रान्सने ती जगाला दिली आणि तिच्यावरच तो देश श्रीमंत झाला. तासगावची द्राक्षं वाईनला लावा, शेतकरी करोडपती होईल.' माझ्या मामांची बाग तासगावला आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

रसातल्या साखरेचं यीस्टने अल्कोहोल केलं की वाईन होते. त्यात अल्कोहोल साधारण 12 ते 14 टक्के असतं. अल्कोहोलच्या हिशोबाने 150 मिली वाईन म्हणजे जवळजवळ 45 मिली व्हिस्की. रस म्हणून कुणाला पाजू नका.

फ्रान्सने दिली, हेही चूक. जॉर्जिया देशात सुमारे 8000 वर्षांपूर्वीच्या मडक्यांत वाईनचे अंश सापडलेत. तिथे आजही मातीचे रांजण जमिनीत पुरून वाईन मुरवतात.

आता तासगाव. मामांकडून दरवर्षी कोल्हापूरला पेटी येते ती थॉम्सनची, नाहीतर सोनाकाची, दोन्ही खायच्या जाती. मणी टपोरा, साल पातळ, बी नाही. नाशिककडे मी कॅबरने सॉव्हिन्यॉन या वाईनच्या द्राक्षाचा घड हातात घेतला होता. बारका मणी, जाड साल, आत बिया. रेड वाईनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीतूनच उतरतो. म्हणजे आहे तो माल वाईनला लावून भागत नाही, बागच बदलावी लागते आणि पीक हाती यायला दोन-तीन वर्षं जातात. बरं, खायच्या द्राक्षाला व्यापारी आला नाही तर शेडवर टाकून बेदाणा तरी करता येतो. वाईनच्या द्राक्षाला वायनरीशिवाय गिऱ्हाईक नाही. राज्याने 2001 मध्ये वाईनसाठी धोरण आणल्यावर नाशिककडे लागवड वाढली. 2008 च्या मंदीनंतर माल उचलला जाईना, तेव्हा लोकांनी उभ्या बागा काढल्या. करोडपतीचं स्वप्न दाखवणाऱ्याने हेही सांगावं.

फ्रान्समध्ये वाईनचा धंदा मोठा आहे, पण अख्खा देश काही त्याच्यावर चालत नाही. तिथून घ्यायचीच तर नाव जपायची शिस्त घ्या. कुठल्या गावात कुठलं द्राक्ष, हेक्टरी किती उतारा, हे 1935 पासून तिथे कायद्याने बांधलंय. शॅम्पेन भागाबाहेरच्या वाईनला युरोपात शॅम्पेन म्हणता येत नाही. आपल्याकडे सांगलीच्या बेदाण्याला, कोल्हापुरी गुळाला, चपलेला भौगोलिक मानांकन आहे, पण राखण कोण करतंय? गेल्या दिवाळीत परगावच्या एका दुकानातून 'कोल्हापुरी' म्हणून पिवळीधमक ढेप आणली. चिरायला घेतली तर विळीवर साखरेचे कण चमकत होते.