जाड चष्म्यामागची सरकारी पार्श्वभूमी
चष्म्यांच्या फॅशनवरील एका लेखात ब्रिटिश फॅशनमधील मोठ्या, ठसठशीत चष्म्यांची सुरुवात 1970च्या दशकातील पॉप गायक एल्टन जॉनपासून मानली आहे, ते मला पटले नाही. त्या चष्म्यांचा अर्थ त्याआधीच्या सरकारी चष्म्याशिवाय उलगडत नाही. 5 जुलै 1948 रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि चष्मे मोफत मिळू लागले. मागणी एवढी प्रचंड झाली, की 1951मध्ये चष्म्यांवर व कवळ्यांवर शुल्क लावण्याचा निर्णय झाला आणि ही सेवा उभारणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी त्याविरुद्ध राजीनामा दिला. मोजक्या साच्यांतली ती साधी फ्रेम उपयोगी होती, पण शाळेतल्या मुलांना ती गरिबीची खूण वाटे, आणि हे दुःख खरे होते.

म्हणूनच 1965च्या गुप्तहेरपटात अभिनेते मायकेल केन यांनी जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावून नायक साकारला, ही मला मोठी घटना वाटते. लंडनच्या ऑलिव्हर गोल्डस्मिथ या 1926मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने तर चष्म्याला कपड्यांइतकेच महत्त्व मिळवून दिले. (ॲसिटेटची, म्हणजे फ्रेमसाठी वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकची, जाड पट्टी हवी तशी कापता येते, रंगवता येते, या कारागिरीबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती.) एल्टन जॉन यांचे पिसांचे, खड्यांचे, चेहरा झाकणारे चष्मे या वाटेवर पुढे आले. पुढे 1980च्या दशकात गायक मॉरिसी यांनी तोच जुना सरकारी चष्मा रंगमंचावर अभिमानाने मिरवला.